पुढच्या स्ट्रटचं कॉइलओव्हर करताना आधी चाल मोजा, उंची मागून ठरवा

गाडी थोडी खाली बसावी, वळणावर कमी कलंडावी, किंवा चाकाच्या कमानीत रुंद टायर मावावा. पुढच्या सस्पेन्शनचं कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-डॅम्परची जोडी) करून घ्यायचं डोक्यात येतं ते बहुधा या तीनपैकी एका कारणानं. मग लगेच दोन प्रश्न येतात: स्प्रिंग किती कडक घेऊ, आणि गाडी किती खाली जाईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण प्रत्यक्ष काम करताना त्यांचा नंबर बराच मागे लागतो. त्याआधी हिशोब हवा तो चालीचा, म्हणजे चाक वर-खाली किती सरकू शकतं त्या अंतराचा. तो न करता बनवलेलं कॉइलओव्हर दिसायला झकास आणि चालवायला मूळ स्ट्रटपेक्षा वाईट निघतं. अशी गाडी लांबूनही ओळखू येते, कारण बारीकशा उंचवट्यावरही तिचं नाक उडत असतं.

स्ट्रट काय काय करतो

पुढच्या चाकामागे डोकावून पाहा. एक जाड नळी दिसेल, तिच्या आत डॅम्पर (ज्याला आपण शॉकअब्सॉर्बर म्हणतो), बाहेरून भली मोठी स्प्रिंग, वर रबराचं टॉप माउंट आणि खाली नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी घट्ट पकड. नकलच्या खालच्या बाजूला बॉल जॉइंटनं जोडलेला एक लोअर आर्म, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा दांडा. बस्स, एवढंच. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. जनरल मोटर्समध्ये त्यांचा छोट्या शेव्हर्लेचा प्रकल्प गुंडाळला गेला, ते फोर्डमध्ये गेले, आणि १९५० च्या सुमारास ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमधून ही रचना मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली. सुटे भाग कमी, खर्च कमी, शिवाय आडव्या इंजिनला जागा मोकळी राहते. म्हणून आजही बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढे हीच रचना सापडते.

या स्वस्ताईची किंमत स्ट्रट मोजतो. वरचा आर्म नसल्यामुळे चाक उभं धरून ठेवायचं काम त्याच्यावर येतं. वळणावर चाकाला बाजूनं बसणारा रेटा, ब्रेक दाबल्यावरचा ओढा, हे सगळं नळी आणि पिस्टन रॉड सोसतात. म्हणून स्ट्रटचा रॉड बोटाएवढा, साधारण २० ते २२ मिलिमीटर जाड असतो. फक्त वर-खाली हलणाऱ्या साध्या शॉकअब्सॉर्बरचा रॉड त्याच्या मानानं काडीसारखा दिसतो. शिवाय स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट स्वतःभोवती फिरतो. थोडक्यात, स्ट्रट हा गाडीच्या सांगाड्याचा हलणारा अवयव आहे. त्याला नुसता शॉकअब्सॉर्बर समजून हात घातला की पुढची गडबड ठरलेली.

स्प्रिंग तर नळीभोवती आधीपासूनच आहे. मग मूळ स्ट्रट आणि कॉइलओव्हर यांत फरक कसला? मूळ स्प्रिंग मोठ्या व्यासाची असते आणि ती ज्यावर टेकते ती बैठक नळीला कायमची वेल्ड केलेली असते. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग लहान व्यासाची आणि सरळ असते. तिचा आतला व्यास ठरावीक मापांत मिळतो, बहुतेक वेळा ६० किंवा ६५ मिलिमीटर किंवा अडीच इंच. बैठक आटे पाडलेल्या नळीवर फिरवून वर-खाली करता येते. फायदे तीन: उंची बदलता येते, स्प्रिंग हव्या त्या कडकपणाची निवडता येते, आणि बारीक स्प्रिंगमुळे टायरला आतल्या बाजूनं जागा मिळते. काही गाड्यांत मूळ बैठक ताटलीसारखी टायरच्या माथ्यावरच येते, तिथे हा तिसरा फायदा सगळ्यात मोठा.

तोटा मात्र फारसं कुणी सांगत नाही. मूळ स्प्रिंग नीट पाहिलीत तर ती नळीच्या मध्यावर नसते. ती थोडी तिरकी किंवा बाहेरच्या बाजूला सरकवलेली असते, काही गाड्यांत तर वाकडीच वळलेली असते. चाक स्ट्रटच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे गाडीचं वजन स्ट्रटला सतत वाकवू पाहतं, आणि तिरकी स्प्रिंग उलट बाजूनं ढकलून ते वाकवणं बरंचसं खोडून काढते. सरळ, मध्यावर बसणारी स्प्रिंग लावली की ही सोय जाते. रॉड आपल्या बुशवर आणि सीलवर जास्त घासतो. परिणामी बारीक खडबडीवर स्ट्रट अडखळत हलतो आणि लोक खापर फोडतात कडक स्प्रिंगवर. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) डॅम्परमध्ये रॉडऐवजी डॅम्परची जाड कायाच नळीत सरकते, त्यामुळे त्याला हे वाकवणं जास्त सोसतं. बजेट असेल तर पैसे इथे घालावेत, सोनेरी रंगाच्या रिंगांवर नाही.

चालीचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. समजा मूळ स्ट्रटची एकूण चाल १६० मिलिमीटर आहे. गाडी उभी असताना त्यातली ८० वर जायला शिल्लक आहे आणि ८० खाली लटकायला. आता फक्त बैठक खाली घेऊन किंवा आखूड स्प्रिंग टाकून गाडी ५० नं खाली बसवली. स्ट्रट तोच, त्याची लांबी तीच. मग वरची चाल उरली ३० आणि खालची झाली १३०. त्या ३० मध्येसुद्धा बंप स्टॉप, म्हणजे रॉडवर बसलेला फोमचा ठोकळा, आपली जागा मागतो. म्हणजे गाडी उभी असतानाच जवळजवळ त्या ठोकळ्यावर टेकलेली. पहिल्या खड्ड्यात स्प्रिंगचं काम संपतं आणि फोमचं सुरू होतं. फोम दबत गेला की झपाट्यानं कडक होतो, म्हणून गाडी हादरते. वळणावर तर आणखी वाईट: बाहेरचं चाक ठोकळ्यावर चढलं की त्या कोपऱ्याची पकड एकाएकी निसटू शकते.

यावर इलाज म्हणजे स्ट्रटच आखूड करणं. नळी कापून ४० मिलिमीटर कमी केली आणि आत तेवढाच आखूड डॅम्पर घातला, तर वरची चाल ३० वरून पुन्हा ७० वर येते. खास बनवून घेतलेल्या कॉइलओव्हरचं खरं मोल इथे आहे. तयार मिळणाऱ्या काही संचांत नळीच्या खालच्या टोकालाही आटे असतात, आणि खालची पकड फिरवून अख्ख्या स्ट्रटची लांबी बदलता येते. त्यात उंची बदलली तरी चाल तशीच राहते. फक्त बैठक फिरवणाऱ्या संचात उंची आणि चाल एकमेकांना बांधलेल्या असतात.

पण आखूड करत जायचं तरी कुठवर? स्ट्रटला वर जाऊ दिलं म्हणून टायरला जागा असेलच असं नाही. त्यासाठी करायची चाचणी कंटाळवाणी आहे आणि तिला पर्याय नाही. स्प्रिंग न घालता स्ट्रट जोडायचा, चाक बसवायचं, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवायची आणि चाकाखाली जॅक लावून ते हळूहळू वर न्यायचं. प्रत्येक दहा-पंधरा मिलिमीटरला थांबून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. टायर आतल्या पत्र्याला कुठे लागतो? कमानीच्या ओठाला? ड्राइव्ह शाफ्ट कशाला घासतो का? लोअर आर्म चॅसीला भिडतो का? जिथे काहीतरी पहिल्यांदा भिडेल त्याच्या थोडं अलीकडे बंप स्टॉप पूर्ण दबलेला असायला हवा. हे माप कागदावर लिहून ठेवा. इथून पुढचं सगळं त्यावर उभं राहतं: नळीची लांबी, डॅम्परची निवड, स्प्रिंगची लांबी आणि शेवटी उंची.

स्प्रिंग किती कडक

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात, काही ठिकाणी किलो प्रति मिलिमीटरमध्ये. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे साधारण ९.८ न्यूटन प्रति मिलिमीटर, किंवा साधारण ५६ पौंड प्रति इंच. आकडा कुठल्या मापात आहे ते पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. ५ आणि ५० मधला फरक पाठीच्या कण्याला लगेच कळतो.

कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो आणि वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घातानं घटतो. म्हणजे तार तीच, वेढे तेवढेच, पण वेढ्याचा व्यास १४० वरून ७५ वर आणला तर स्प्रिंग साधारण साडेसहा पट कडक होते. म्हणून बारीक स्प्रिंग बेताची मऊ ठेवायची तर तार पातळ करावी लागते किंवा वेढे वाढवावे लागतात. वेढे वाढले की दबायला जागा कमी उरते.

एक उदाहरण पुरेसं होईल. एका पुढच्या कोपऱ्यावर, चाक-ब्रेक वगैरे सोडून, ३०० किलो वजन आहे असं धरू. मूळ स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिलिमीटर. गाडी जमिनीवर टेकली की स्प्रिंग साधारण १४७ मिलिमीटर दबते. त्या कोपऱ्याची नैसर्गिक झुलण्याची गती येते सेकंदाला १.३ वेळा, आणि रोजच्या प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान झुलतात. आता ५० ची स्प्रिंग लावली. दाब येतो फक्त ५९ मिलिमीटर आणि गती सेकंदाला दोनच्या थोडी वर. ही ट्रॅककडे झुकलेली गाडी झाली. रोजच्या वापरात चालेल, पण मागे बसणारे कुरकुर करतील. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी मूळच्या दुपटीपलीकडे जायला सबळ कारण लागतं, आणि "दुसऱ्यानं लावली म्हणून" हे कारण नव्हे. काटेकोर हिशोबात स्प्रिंगचा कडकपणा चाकापर्यंत थोडा कमी होऊन पोचतो. पण स्ट्रट चाकाजवळ आणि जवळजवळ उभा असल्यामुळे ही घट थोडी असते, म्हणून ती वर सोडून दिली आहे.

आता हीच ५० ची स्प्रिंग ११ मिलिमीटर तारेची आणि २०० मिलिमीटर लांब घेतली, तर पूर्ण दबल्यावर, वेढ्याला वेढा टेकल्यावर, तिची उंची ९५ च्या आसपास राहते. म्हणजे दबायला एकूण १०५. त्यातले ५९ गाडीच्या वजनानंच खाल्ले. उरले ४६. तुमच्या स्ट्रटला वर जायला ७० ची चाल असेल, तर बंप स्टॉप येण्याआधीच वेढे एकमेकांवर आदळतील आणि तिथे लोखंड लोखंडाला भिडेल. अशा वेळी लांब स्प्रिंग घ्यावी लागते, आणि ती मावण्यासाठी बैठक खाली न्यावी लागते. मग ती टायरच्या शेजारी येते आणि पुन्हा जागा मोजावी लागते. सुरुवातीला काढलेलं ते कंटाळवाणं माप इथे पहिल्यांदा उपयोगी पडतं.

उलट बाजूही पाहू. गाडीचं चाक हवेत लटकलं आणि स्ट्रट ८० नं लांबला, तर ५९ नंतर स्प्रिंग पूर्ण मोकळी झाली. उरलेल्या २१ मिलिमीटरमध्ये ती बैठकीवर सैल लटकते. चाक परत टेकलं की खणकन आवाज येतो, आणि नशीब वाईट असेल तर ती तिरकी बसते. यासाठी मुख्य स्प्रिंगच्या जोडीला एक छोटी, अगदी मऊ, चपट्या पट्टीची हेल्पर स्प्रिंग लावतात. गाडी टेकल्यावर ती पूर्ण मिटते, कडकपणात तिचा काही वाटा नसतो. चाक लटकल्यावर मुख्य स्प्रिंगला जागेवर दाबून धरायचं एवढंच तिचं काम. मिटल्यावरही ती काही मिलिमीटर जाडी व्यापते, तीही लांबीच्या हिशोबात धरा.

यातूनच एक हट्टी गैरसमज उलगडतो. बैठक वर फिरवली, म्हणजे "प्रीलोड" दिला, की स्प्रिंग कडक होते असं पुष्कळांना वाटतं. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा बैठक फिरवल्यानं बदलत नाही. ५० ची स्प्रिंग ५० चीच राहते. ३०० किलोखाली ती ५९ च दबणार. बैठक २० मिलिमीटर वर नेली तर गाडी २० नं वर उचलली जाते, एवढंच. लटकलेल्या अवस्थेत स्प्रिंग घट्ट जाणवते हे खरं, पण चाकावर भार आला की त्या घट्टपणाला अर्थ उरत नाही.

डॅम्परला विसरू नका

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते. डॅम्पर ती तेलात घासून उष्णतेत घालवतो. कडक स्प्रिंग परत जोरात फेकते, म्हणून डॅम्परलाही तेवढं जास्त धरता आलं पाहिजे. झुलणं आधीइतक्याच लवकर शमायला हवं असेल तर डॅम्परचा जोर कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. २० वरून ५० म्हणजे अडीच पट. तिचं वर्गमूळ १.५८. म्हणजे डॅम्पर ५८ टक्के जास्त जोरकस हवा, आणि तोही मुख्यतः लांबताना, कारण साठवलेली ऊर्जा तेव्हाच सुटते. मूळ डॅम्परवर नुसती कडक स्प्रिंग चढवली की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते. याउलट लांबतानाचा जोर फार वाढवला तर लागोपाठ आलेल्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू स्वतःला खाली ओढून घेते. बाहेरून फिरवायची खुंटी असलेला डॅम्पर म्हणूनच सोयीचा. पण त्या खुंटीनं चुकलेली स्प्रिंग सुधारत नाही.

नळी, ग्राइंडर आणि वेल्डिंग

जुन्या गाड्यांत स्ट्रटची नळी वरून मोठ्या नटानं बंद असते. नट सोडला की आतला डॅम्पर बाहेर येतो आणि नवा, आखूड डॅम्पर एकसंध कुपीच्या रूपात आत सरकवता येतो. खास बनवलेलं कॉइलओव्हर याच प्रकारच्या नळीवर सोपं जातं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांचे स्ट्रट बंद आणि आत गॅसच्या दाबाखाली असतात. अशा नळीला ग्राइंडर किंवा वेल्डिंगची तार लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिथे तयार संच घ्यावा किंवा खालच्या पकडीसह नवी नळी बनवून घ्यावी.

कामाला हात घालण्याआधी मूळ स्प्रिंग उतरवायची असते. २० ची स्प्रिंग १५० मिलिमीटर दबलेली असेल तर तिच्यात २२५ ज्यूल साठलेले असतात. म्हणजे २३ किलोचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढे. स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दोन्ही बाजूंनी सारखी आवळून, ती वरच्या बैठकीवर सैल झाल्याची खात्री करूनच मधला नट सोडायचा. कॉम्प्रेसरवर एअर गन चालवायची नाही, आणि नट सोडताना डोकं स्प्रिंगच्या रेषेत ठेवायचं नाही.

मग जुनी बैठक ग्राइंडरनं उतरवायची. चकती नळीत शिरू द्यायची नाही. वेल्डचा शेवटचा पापुद्रा फाइलनं घासून काढलेला बरा. आट्यांची नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला पोलादी स्ट्रटवर वेल्ड करता येत नाही. म्हणून स्ट्रटच्या नळीवर पोलादाची एक जाड रिंग वेल्ड करतात आणि आट्यांची नळी वरून सरकवून त्या रिंगेवर टेकवतात. सगळा भार त्या रिंगेवर येतो. बाजूच्या बारीक ग्रब स्क्रूवर भार टाकायचा विचारही नको. दोन नळ्यांमध्ये फट राहिली तर आट्यांची नळी खडखडते. लेथवर माप धरून पातळ बुश कातून घ्या किंवा ओ-रिंग बसवा. आणि रिंगेची जागा कागदावरून ठरवू नका. चाक-टायर बसवून, स्प्रिंग शेजारी धरून, खुणेनं ठरवा.

नळी आखूड करायची असेल तर कापायची जागा विचारानं निवडावी लागते. वरच्या टोकाला नटाचे आटे आहेत, तिथे कापता येत नाही. खाली नकलच्या पकडीजवळ वळणावरचा वाकवणारा जोर सगळ्यात जास्त येतो, तिथे वेल्ड नको. उरतो मधला पट्टा. दोन्ही तुकडे लोखंडी अँगलच्या खोबणीत आडवे टेकवले की ते आपोआप एका रेषेत येतात. कडांना उतार देऊन आधी समोरासमोर चार टाके मारायचे, सरळपणा पाहायचा, मग थोडं इथे थोडं तिथे असं करत पूर्ण वेढा घ्यायचा. एका दमात गोल वेल्ड मारली तर नळी उष्णतेनं ओढली जाते आणि डॅम्पर आत सरकतच नाही. वेल्ड आतल्या बाजूला उतरली असेल तर तीही साफ करावी लागते. बाहेरून एक आधाराची बाही चढवून वेल्ड केली तर जोड आणखी भरवशाचा होतो. नळीवर जस्ताचा मुलामा असेल तर तो आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. आणि खरं सांगायचं तर, वेल्डिंगवर ज्याचा हात बसलेला नाही त्यानं हे काम शिकण्यासाठी दुसरी एखादी वस्तू निवडावी. हा जोड तुटला तर चाक आत कोसळतं.

डॅम्पर नळीत घातल्यावर तळाशी फट उरली असेल तर मापाचा तुकडा टाकून ती भरायची, म्हणजे वरचा नट डॅम्परला घट्ट आवळेल. डॅम्पर आणि नळी यांच्या मधल्या फटीत थोडं तेल ओततात. वंगणाशी त्याचा संबंध नाही. डॅम्परची उष्णता नळीपर्यंत पोचवायला ते लागतं, नाहीतर मधली हवा चादरीचं काम करते.

वरचं टोक

बारीक स्प्रिंगला मूळ टॉप माउंट चालत नाही. नवी वरची टोपी लागते आणि बहुतेक लोक त्याच वेळी कँबर प्लेट बसवतात. तिच्यात स्ट्रटचं डोकं आत-बाहेर सरकवून चाकाचा कल, म्हणजे कँबर, बदलता येतो. मध्ये रबराऐवजी गोलाकार बेअरिंग असतं. त्यामुळे स्टिअरिंग नेमकं वाटतं आणि रस्त्याचा आवाज थेट केबिनमध्ये येतो. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात मिळतात, एक सोडून दुसरी मागता येत नाही.

इथली हमखास राहून जाणारी वस्तू म्हणजे स्प्रिंग आणि टोपी यांच्या मधलं चपटं थ्रस्ट बेअरिंग. स्टिअरिंग फिरवलं की स्ट्रट फिरतो, स्प्रिंगला त्याच्याबरोबर फिरायचं असतं. वर मोकळीक नसेल तर ती पिळत जाते आणि ठरावीक कोनावर सटकन सुटते. पार्किंगमध्ये गाडी वळवताना पुढून "टंग" असा तंबोऱ्याच्या तारेसारखा आवाज येतो तो हाच. स्टिअरिंगही जड लागतं आणि सोडल्यावर नीट परत येत नाही.

खाली बसवल्यावर बिघडणारी भूमिती

उंचीचा मोह आवरायचा असेल तर हा भाग दोनदा वाचा. गाडी खाली आली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं. स्ट्रट वरून आत झुकलेला असतो. तो आणि आर्म यांच्यामधला कोन ९० अंशांवर येईपर्यंत चाक वर जाताना त्याचा माथा आत कलत जातो, आणि वळणावर तेच हवं असतं. ९० च्या पुढे गेलं की उलटं सुरू होतं. शरीर कलंडतं आणि टायर नेमका बाहेरच्या कडेवर उभा राहतो.

दुसरी भानगड रोल सेंटरची. गाडीचं शरीर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडतं तो हा बिंदू. मॅकफर्सन रचनेत गाडी जेवढी खाली येते त्यापेक्षा तो जास्त वेगानं खाली जातो. गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडायला तरफ लांब मिळते. कडक स्प्रिंगनं कमावलेलं थोडंफार इथे परत जातं. गाडी खाली घेतल्यावर ती जास्त कलंडू लागली तर नवल वाटायला नको. बॉल जॉइंट खाली नेणारे जाड तुकडे नकल आणि बॉल जॉइंटच्या मध्ये बसवून आर्मचा कोन परत मिळवता येतो. मग टाय रॉडचं (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचं) टोकही तेवढंच खाली न्यावं लागतं. नाहीतर दोघांच्या वाटा जुळत नाहीत आणि खड्ड्यात चाक आपलंआपण वळतं, स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही.

बाकी किरकोळ पण विसरू नयेत अशा गोष्टी: ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर धरणारी पट्टी नव्या नळीवर असावी, चाक पूर्ण लटकवून आणि स्टिअरिंग टोकाला नेऊन होज ताणला जात नाही हे बघावं, अँटीरोल बारचा (कलंडणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याचा) लिंक रॉड आखूड लागतो का ते तपासावं, आणि शेवटी हेडलाइट नव्यानं जुळवावेत.

जमिनीवर आल्यानंतर

लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे. हवेत लटकलेली असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडं चालवून सगळं बसू द्या, मग उंची मोजा. जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत, कारण टायरमधल्या हवेचा फरक त्यात येत नाही.

दोन्ही बाजूंची उंची सारखी केली म्हणजे काम झालं असं वाटतं. पण आट्यांची बैठक हातात आली की वजनाचं वाटप बिघडवायची ताकदही हातात येते. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं चार पायांचं टेबल आठवा: तो पाय आणि त्याचा तिरक्या रेषेतला जोडीदार भार घेतात, बाकीचे दोन हलके होतात. गाडीतही पुढची डावी बैठक चढवली की पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर वजन वाढतं. गाडी मग एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला रुसते. सपाट जमिनीवर चार वजनकाटे, चालकाच्या जागी त्याच्या वजनाची पोती, अँटीरोल बारचे लिंक सोडलेले, अशा अवस्थेत तिरक्या जोड्यांची बेरीज जुळवतात. काटे नसतील तर दोन्ही बाजूंच्या बैठकी सारख्या आट्यांवर ठेवून पुढे जा. आट्यांच्या पल्ल्यानुसार एका पूर्ण फेऱ्यात बैठक दीड-दोन मिलिमीटर सरकते, त्यामुळे आटे मोजता येतात.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि त्यातही आधी कँबर, मग टो (वरून पाहिलं तर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते). कँबर हलवला की टो हमखास बदलतो, उलट क्रमानं केलं तर पैसे दोनदा जातात. पहिल्या काही दिवसांनंतर गाडी पुन्हा वर घेऊन बैठक जागेवर धरणारी लॉक रिंग, टॉप नट आणि नकलचे बोल्ट तपासा आणि टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापाला आवळा. वेल्डच्या कडेनं रंगात बारीक रेघ दिसली तर रंग खरवडून बघा. गंजाचा माग असेल तर तो तडा आहे, आणि तो स्ट्रट त्या दिवसापासून वापरातून बाद. आट्यांवर वाळू आणि चिखल साचला तर बैठका जागेवरच अडकून बसतात. दर धुलाईत आटे ब्रशनं साफ करून त्यांवर कोरडं वंगण मारत राहिलात तर पुढच्या वेळी हातोडी घ्यावी लागत नाही.